पाय कोणी घेतला, ते विचारायचं नाही

आपल्या जयपूरच्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकात दर वर्षी कोणीतरी निवृत्त माणूस आपल्या नोकरीबद्दल लिहितो. स्टेशनमास्तर झाले, बँकवाले झाले, गेल्या वर्षी वैशाली नगरच्या वहिनींनी शाळेतल्या गमती लिहिल्या आणि सगळे खूप हसले. यंदा संपादक माझ्या घरी आले. वय तिशीचं, नोकरी कंप्युटरवरची. म्हणाले, "काकू, मतलब, थोडं हलकंफुलकं द्या." मी त्यांना चहा दिला, चिवडा दिला, पण हलकंफुलकं देईन असं काही कबूल केलं नाही.

मी मोठ्या माणसांना चालायला शिकवायचे. नोकरीचं नाव काहीतरी लांबलचक होतं, ते मलाही नीट सांगता यायचं नाही. आमचे हे रेल्वेत गार्ड, बल्लारपूरहून इकडे बदली झाली. माझं नर्सिंगचं शिक्षण अर्धवट राहिलेलं. जयपुरात कृत्रिम पाय बसवतात हे मला इथे आल्यावर कळलं आणि तिथे मदतनीस पाहिजेत हे शेजारणीकडून कळलं. चार दिवस बघून येऊ म्हणून गेले ती केस पांढरे होईपर्यंत तिथेच राहिले. भाषेचीही अडचण आली नाही. आमच्या चंद्रपूरकडे प्रत्येक वाक्याला 'जी' लावतात आणि इथेही लावतात, त्यामुळे मी बोलले की लोकांना वाटायचं, बाई फार नम्र आहे.

पाय कसा बनतो ते थोडक्यात सांगते. पाय कापल्यावर जो भाग उरतो त्याला आम्ही स्टंप म्हणायचो. त्याचं प्लास्टरमध्ये माप घ्यायचं, साचा करायचा, पाण्याच्या पाइपासारखा प्लास्टिकचा पाइप भट्टीत मऊ करून त्या साच्यावर ओढायचा, आणि खाली रबराचं पाऊल जोडायचं. या पायावर उकिडवं बसता येतं, मांडी घालता येते, चिखलात उतरता येतं, चप्पल नसली तरी चालतं. आपल्याकडच्या माणसाला हेच हवं असतं. कारागीर एका दिवसात पाय देऊन मोकळे व्हायचे. मग पेशंट माझ्याकडे यायचा, कारण पाय मिळणं वेगळं आणि चालणं वेगळं.

माझ्या खोलीत कमरेएवढ्या उंचीच्या दोन समांतर दांड्या होत्या. त्यांच्यामध्ये उभं राहून, दोन्ही हातांनी धरून पावलं टाकायची. नव्या पायाचा माणूस सारखा खाली बघतो. आपला पाय जागेवर आहे ना याची त्याला खात्री नसते. आणि खाली बघितलं की तोल जातो. म्हणून मी जोड्या लावायचे. सारख्या उंचीची, सारखा पाय गेलेली दोन माणसं दांड्यांच्या दोन टोकांना उभी करायची आणि सांगायचं, समोरच्याच्या तोंडाकडे बघत चाला. मध्यावर आलात की थांबा, आणि तसंच बघत मागे जा. दिवसभर हेच. मी हे कुठे शिकले नव्हते, करता करता सापडलं.

दुसरा नियम आमच्या शर्माजींचा. ते तिथले प्रमुख. पहिल्याच दिवशी म्हणाले, "कैसे गया, ये ज़रूर पूछना. किसने लिया, ये कभी मत पूछना." साखरेने गेलेला पाय, रेल्वेखाली गेलेला पाय आणि सुरुंगाने उडालेला पाय यांचे स्टंप वेगळे असतात. सुरुंगात बारीक तुकडे आत राहतात, कातडी महिनोन्महिने नाजूक असते, म्हणून कसा गेला ते माहीत हवं. कोणाच्या सुरुंगाने गेला, त्याने मापात काही फरक पडत नाही.

पण न विचारताही माणसं सांगतात. त्यामुळे लढाया किती तऱ्हेच्या असतात हे मला त्या दांड्यांपाशी उभं राहून कळलं. पश्चिमेकडच्या सीमेवरचे शेतकरी यायचे. तिथे एका वर्षी दोन्ही फौजा समोरासमोर उभ्या राहिल्या, शेतांत सुरुंग पेरले, मग लढाई न होताच परत गेल्या आणि सुरुंगही काढून नेले. वाळूबरोबर सरकलेले काही तेवढे राहून गेले. त्यातल्या एका म्हाताऱ्या ठाकुरांचा पाय अशा युद्धात गेला जे झालंच नव्हतं. गृहस्थ मोठे हट्टी. पाऊल तयार झालं तर म्हणाले, लहान आहे. मोजून दाखवलं, दुसऱ्या पायाएवढंच होतं. तर पिशवीतून नवीकोरी मोजडी काढली आणि म्हणाले, "बाईसा, जूती पहले की है, पैर बाद का. पैर को जूती के हिसाब से बनाओ." मोजडी नातवाच्या लग्नासाठी घेतलेली होती आणि दोन बोटं मोठी होती. शेवटी आत कापूस भरून दिला.

बांध सरकवण्यावरून चुलतभावाने गोळी घातलेला एक माणूस आला होता. त्यालाही मी लढाईच म्हणते. फौजा लहान होत्या एवढंच. एकदा मला शिबिरासाठी आफ्रिकेतल्या एका देशातही पाठवलं होतं. तिथे एकाच भाषेची, एकाच देवाची माणसं वर्षानुवर्षं एकमेकांना मारत होती आणि आम्ही गेलो तेव्हा नुकताच तह झालेला. दोन्हीकडचे लोक वेगवेगळ्या रांगा लावून बसले. आम्ही रांगा मोडल्या आणि डाव्या पायाचे इकडे, उजव्या पायाचे तिकडे असे बसवले. थोडी कुरकुर झाली, मग बसले. मला फार बरं वाटलं होतं. आमच्या दुभाष्याला मी म्हटलंसुद्धा, की आता निभेल. तो म्हणाला, वरच्या लोकांनी सह्या केल्या, पण पळून गेलेल्यांना त्यांची शेतं परत मिळालेली नाहीत, तिथे दुसरेच नांगरताहेत. पुढे तिथे पुन्हा गोळीबार सुरू झाल्याचं टीव्हीवर पाहिलं. आम्ही इतके पाय बसवून आलो होतो, त्यांचं काय झालं असेल, हा विचार करत मी त्या दिवशी जेवले नाही.

आता ज्या दोघांसाठी हे लिहायला घेतलं त्यांच्याकडे येते. नावं बदलली आहेत, गाव सांगत नाही, आणि हा अंक त्यांच्या तिकडच्या जंगलापर्यंत जात नाही, म्हणूनच लिहिते आहे.

एका हिवाळ्यात एकाच आठवड्यात आमच्याकडचे दोन पेशंट आले. दोघांचाही डावा पाय गुडघ्याखाली गेलेला, उंची सारखी. एकाचं नाव देवीदास, तरुण, बोलका. दुसरा लालसू, माडिया आदिवासी, घरात गोंडी बोलणारा, पण बाजारची मराठी चांगली येणारा. जयपुरात बसून चंद्रपूर-गडचिरोलीची बोली ऐकायला मिळाली म्हणून मी इतकी खूश झाले की लगेच त्यांची जोडी लावली. नियमाप्रमाणे दोघांनाही फक्त 'कसा गेला' विचारलं. दोघेही म्हणाले, सुरुंगाने.

तिसऱ्या की चौथ्या दिवशी दोघे व्हरांड्यात जेवत होते, मीही डबा घेऊन तिथेच होते. देवीदासने सांगितलं की तो पोलीस शिपाई आहे. मग म्हणाला, "तुमच्या तिकडचा रस्ता कवाही पाहा, खणलेलाच रायते. गाडी जातच नाही."

लालसू सरळ माणूस. म्हणाला, "मीबी खणला न. दोनदा. दलमवाले घरटी एक माणूस मांगत. नाही म्हणता येते का?" दलम म्हणजे तिकडच्या बंदूकवाल्यांची टोळी.

देवीदासचा घास हातातच राहिला. "कोणता रस्ता?"

"शाळेजवळचा. तुमचा पाय कुठं गेला?"

"पुलाजवळ."

"मंग तो मी नाही खणला."

"तू म्हणतं म्हणून?" देवीदास म्हणाला आणि डबा झाकून उठला.

दुसऱ्या दिवशी दांड्यांमध्ये उभे केले तर एकही वर बघेना. दोघेही आपल्या पावलांकडे बघत, अडखळत चालले होते. शर्माजींच्या कानावर गेलं. "बदल दीजिए ना जोड़ी, मैडम, झंझट क्यों पालना," म्हणाले. मी दोघांना विचारलं, ज्याला जोडी बदलून हवी त्याने सांगा. देवीदास म्हणाला, त्याले विचारा. लालसू म्हणाला, मले काही नाही जी. दोघांनाही आधी माघार घ्यायची नव्हती. मग चालू द्या म्हटलं. दुपारी देवीदासचा तोल गेला. लालसूने एक हात दांडीवर ठेवून दुसऱ्या हाताने त्याची कॉलर पकडली, आणि अर्थातच दोघेही धाडकन खाली आले. मी धावले. खाली पडलेला देवीदास म्हणत होता, "सोड न बापा कॉलर, गळा आवळून मारतं का आता?" लालसूला हसू आवरेना. मग देवीदासही हसला.

त्यानंतर ते बोलायला लागले, आणि मी कान देऊन ऐकायचे. माणसं लढतात कशासाठी, यावर मोठमोठी भाषणं होतात. लालसूच्या बापाला एकदा जंगलखात्याच्या माणसाने सरपणाच्या मोळीवरून गावासमोर थोबाडीत मारली होती. दलमवाल्यांनी पुढे त्या माणसाला गावात येऊन माफी मागायला लावली. त्या दिवसापासून लालसूच्या घरातून त्यांना तांदूळ जायला लागला. विचारबिचार त्याला काही ठाऊक नव्हते. नंतर त्यांची भीती वाटायला लागली, पण तांदूळ चालूच राहिला. आणि त्याचा स्वतःचा पाय त्यांच्याच सुरुंगावर पडला, बैल शोधायला गेला असताना. देवीदास धावण्यात पहिला यायचा. भरतीत धावला, निवडला गेला, आईने पेढे वाटले. कोणाशी लढायचं आहे हे त्याला ट्रेनिंगमध्ये सांगितलं. दोघेही एकमेकांना एवढंच सांगत होते, की मी काही तुझ्यावर चिडून तिथे गेलो नव्हतो.

जाण्याच्या आदल्या दिवशी मी त्यांना घरी जेवायला बोलावलं. पाटवडीचा रस्सा आणि भात केला. आमच्या ह्यांनी देवीदासला भरतीचं सगळं पुन्हा विचारलं. निघताना दोघांनी ठरवलं, पुढचा पाय घ्यायला सोबत यायचं. त्या रात्री मला वाटलं, आपण काहीतरी चांगलं केलं. खोटं कशाला बोलू, अभिमान वाटला.

रबराचं पाऊल तीन-चार वर्षांत झिजतं आणि माणूस नव्यासाठी परत येतो. जुनं पाऊल उलटं करून बघायची मला सवय होती. भातशेतीवाल्याची बोटं चिखलाने फुगून फाटतात. रिक्षावाल्याचा चवडा झिजतो. पूजापाठ करणाऱ्याचं पाऊल वरच्या बाजूने घासलेलं असतं, कारण मांडीखाली जातं. माणूस बरा आहे का, असं विचारण्याआधी मी तळवा बघायचे.

लालसू आला तो एकटाच. पाऊल बघितलं तर जवळजवळ नवंच. टाच शाबूत, बोटं शाबूत.

"चालत नाहीस का रे?" मी विचारलं.

"चालाले जागा कुठं हाये, मावशी?"

मग त्याने सांगितलं. त्याला मुलगी झाली. देवीदासला कोणाकडून तरी कळलं, आणि तो बारशाला आला. बस तिकडे जात नाही, या पायाने सायकल जमत नव्हती, म्हणून चौकीच्या गाडीत बसून आला. हातात बत्ताशे, बाळाला झबलं. दारात तासभर बसला, हसला, खेळवलं आणि गेला. गाडी गेल्यावर गावातल्या माणसांनी विचारलं, पोलिसाची गाडी तुझ्या दारी काहून आली? पुढे जंगलातून आलेल्यांनीही तेच विचारलं. खबरी ठरलेल्या माणसाचं तिकडे काय होतं हे मी लिहायला नको. लालसू बायको-पोरीला घेऊन तालुक्याच्या गावी मेव्हण्याच्या पडवीत जाऊन राहिला. शेत दुसरेच कसत होते. तो दिवसभर खाटेवर बसून असायचा.

"त्याले सांगजा, येऊ नको म्हना," तो म्हणाला. "पण काहून, ते सांगू नका. लई चांगल्या मनानं आला होता तो. त्याले वाईट वाटन."

पंधरवड्याने देवीदास आला. त्याचं पाऊल बरं झिजलेलं होतं. आल्या आल्या विचारलं, "लालसू आला का? सोबत यायचं ठरलं होतं, पण त्याचा पत्ताच नाही लागून राह्यला." पिशवीतून मुलीसाठी आणलेला फ्रॉक काढून दाखवला. तिच्या मापाचा अंदाज करून घेतला होता. कारण सांगणार नाही असा शब्द मी लालसूला दिला होता, पण तो फ्रॉक बघून मला तो पाळता आला नाही. सगळं सांगितलं.

देवीदासने हातातल्या फ्रॉकची घडी घातली. मग म्हणाला, "मंग मी जायालेच नको होतं का, मावशी?"

दोन माणसांनी एकमेकांच्या घरी जाऊ नये, तर मग काय करावं? पण ते दोघेच तर तिथे राहत नव्हते. बाकी सगळं तसंच होतं, आणि या दोघांनी तेवढी आपापली लढाई संपवली होती.

नव्या पायावर चालून बघणं झालं, पायाचे पट्टे बसवून झाले. निघताना तो म्हणाला, "आमचं भांडण झालं पाहिजे. सगळ्यायले दिसलं पाहिजे. पण लालसूले सांगू नका. त्याच्या पोटात काही रायत नाही. त्याले माहीत असलं तर गावाले समजते." फ्रॉक त्याने माझ्याकडे ठेवला नाही, परत पिशवीत घातला.

दोनेक महिन्यांनी लालसूचा फोन आला. आठवडी बाजारात देवीदासने त्याला भर गर्दीत गाठलं होतं. आई-बापावरून शिव्या दिल्या, पुन्हा दिसलास तर दुसराही पाय काढीन म्हणाला, भाजीची टोपली लाथेने उडवली. आजूबाजूचे चार लोक मध्ये पडले तेव्हा थांबला.

"मावशी, मी काय वाकडं केलं होतं त्याचं?" लालसू विचारत होता. "तुमी विचारा न त्याले. तुमचं ऐकते तो."

एक वाक्य बोलले असते तर त्याचं दुःख तिथल्या तिथे संपलं असतं. मी म्हटलं, "जाऊ दे रे. पोलीसच तो. त्यांचं काय मनावर घेतोस." असं मी आयुष्यात कोणाबद्दल बोलले नव्हते. फोन ठेवल्यावर मला रडू आलं.

पेरणीच्या आधी गावच्या पाटलाने लालसूला बोलावून घेतलं. पोलिसाने ज्याला बाजारात असं केलं तो खबरी कसला, असं गावाने ठरवलं आणि जंगलातल्यांनीही मानलं. शेत परत मिळालं. त्यानंतर लालसू जेव्हा पाय बदलायला आला तेव्हा पाऊल चिखलाने फाटून, टाच पार घासून गेलेली होती. इतकं चांगलं झिजलेलं पाऊल मी फार थोड्यांचं पाहिलं. देवीदासचं नाव त्याने काढलं नाही, मीही काढलं नाही.

मी निवृत्त होऊनही आता बरीच वर्षं झाली. विद्याधर नगरातल्या घरी लालसू अजून येतो, पाय बदलायला आला की एक दिवस जेवायला. गेल्या हिवाळ्यात मुलीला घेऊन आला होता. तिला हवामहाल बघायचा होता. पोरगी शाळेत जाते, धीट आहे, माझ्या नातवापेक्षा तिची मराठी कितीतरी बरी. मी सहज विचारलं, तुमच्या तिकडे आता पोलीस दिसतात का ग? ती जेवता जेवता म्हणाली, "एक लंगडा पोलीस हाये आजी. लई खराब मानूस हाये. बाबाले लय शिव्या देल्या होत्या त्यानं. आमी त्याच्याशी बोलत नाही." लालसू ताटात बघत भात कालवत राहिला. मी तिला रस्सा वाढला.

आता तिकडे बरंच शांत आहे म्हणतात. कित्येकांनी बंदुका खाली ठेवल्या, रस्ते झाले, बस जाते. लालसू आणि पोरगी परत गेल्यावर मी देवीदासला फोन लावला. तो आता ऑफिसात बसून कागदाचं काम करतो. मी म्हटलं, आता तरी सांगू दे का रे लालसूला?

तो म्हणाला, "अजून नको, मावशी. असं शांत याआधीबी झालं होतं. आणखी काही वर्स जाऊ द्या."

मग इकडचं तिकडचं झालं. ह्यांच्या गुडघ्याचं विचारलं. फोन ठेवायच्या वेळी म्हणाला, "पोरगी आली होती म्हणता. केवढी झाली?"

"माझ्या खांद्याला लागते."

"हुशार हाये?"

"खूप."

"माह्याबद्दल काही बोलली का?"

मी म्हटलं, "नाही रे. तिला काय आठवणार, ती तेव्हा बाळच होती."